गडगा, ग्रेट झिंबाब्वे आणि गुलामगिरीच्या आधीची आफ्रिका

गडग्यापल्याड (धागाकर्ता):

आमच्याकडे तळकोकणात कुंपणाला गडगा घालतात. चुना नाही, सिमेंट नाही, चिखलाचं लिंपणसुद्धा नाही. दगडावर दगड, फटीत कपची, आणि वर जाताना भिंत किंचित आत कललेली. पावसात ढासळलेला गडगा परत घालायला मे महिन्यात माणूस यायचा. तो एकेक दगड हातात फिरवून बघायचा आणि मग बसवायचा. लहानपणी मी तासन् तास त्याच्याजवळ बसायचो. तोडून नीट केलेला दगड कुणीही लावील, आहे तसाच दगड लावायला नजर लागते, हे तेव्हाच कळलं.

हे सांगायचं कारण, कामानिमित्त दोन वर्षं झिंबाब्वेची राजधानी हरारेत होतो. तिथून मस्विंगो सुमारे तीनशे किलोमीटर, आणि मस्विंगोच्या पुढे तीसेक किलोमीटरवर ग्रेट झिंबाब्वे, म्हणजे एका जुन्या दगडी नगराचे अवशेष. जाताना मनात फारसं काही नव्हतं. सुट्टी होती, सहकारी म्हणाला चल, म्हणून गेलो. आत शिरलो आणि समोर आला तो गडगा! पण केवढा! मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटर, तळाशी जाडी पाच मीटरपर्यंत. आणि सगळी भिंत कोरडी रचलेली. दगड ग्रॅनाइटचा. तिथल्या डोंगरांचा कातळ उन्हाने तापून आणि रात्री निवून कांद्याच्या पापुद्र्यासारखा थराथराने सुटतो. ते थर आगीने तापवायचे, वर पाणी ओतून तडकवायचे, मग ठोकून विटेएवढे तुकडे करायचे. भिंतीच्या माथ्यावर एका बाजूला नागमोडी नक्षीचा पट्टा आहे, तोही दगड तिरपे लावूनच काढलेला. आत दोन उंच भिंतींमधून एक अरुंद वाट जाते, तिथे दोन माणसांना एकमेकांच्या बाजूने जाताना अंग चोरावं लागतं. त्या वाटेने गेलं की दहाएक मीटर उंचीचा निमुळता बुरूज लागतो. आत खजिना असेल म्हणून लोकांनी तो उकरून पाहिला. तो भरीव आहे.

हे सगळं अकराव्या ते पंधराव्या शतकातलं. बांधणारे आजच्या शोना लोकांचे पूर्वज. झिंबाब्वे हा शब्दच त्यांच्या भाषेतला, अर्थ दगडाची घरं. गुरंढोरं ही त्यांची मूळ संपत्ती. शिवाय आतल्या भागातलं सोनं आणि हस्तिदंत इथून पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला बंदराकडे जायचं, तिथून त्याच किनाऱ्यावरचं किल्वा आणि मग समुद्रापार. उत्खननात चिनी मातीची भांडी निघाली, इराणी भांड्यांचे तुकडे निघाले, किल्व्याच्या सुलतानाचं नाणं निघालं, आणि आपल्या बाजूचे काचेचे मणीही निघाले.

आता ज्या गोष्टीने मला त्या रात्री झोप लागली नाही ती सांगतो. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. दाराच्या लाकडी तुळईचा तुकडा त्याने काढला, त्याचा रंग आणि वास आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला आणि ठरवलं की हा देवदार, म्हणजे लेबनॉनचा, म्हणजे हे शेबाच्या राणीचं काम! एका पेन्सिलीवरून. ते लाकूड तिथल्याच रानातल्या तांबुती झाडाचं होतं. पुढे ब्रिटिश अंमल आला. १९०२ मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या माणसाला ही जागा राखायला नेमलं. त्याची खात्री होती की हे बांधकाम आफ्रिकी लोकांचं असणं शक्यच नाही. म्हणून वरचे मातीचे थर, घरांच्या जमिनी, चुली, खापरं हे सगळं त्याने मागाहून साचलेला कचरा समजून उपसून टाकलं. इथे राहणाऱ्या माणसांचा पुरावा तोच होता. १९०४ मध्ये त्याला काढलं, पण माती गेली ती गेली.

डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने १९०५ मध्येच सांगितलं होतं की हे काम स्थानिक आणि मध्ययुगीन आहे. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन आल्या. त्यांच्या तुकडीत सगळ्या बायका होत्या. अस्पर्श राहिलेल्या जागा शोधून त्यांनी खोदलं आणि तळापर्यंत स्थानिक खापरंच सापडली. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण ऱ्होडेशियाच्या (देशाचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला तो मिटायला नको होता. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला खरं सांगण्यापायी १९७० मध्ये देश सोडावा लागला. जुन्या भिंती कुणी बांधल्या हे बोलणं राजकीय गुन्ह्यासारखं झालं होतं. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याने या भिंतींचंच नाव घेतलं. इथे सापडलेला दगडी पक्षी आज त्यांच्या झेंड्यावर आहे.

माझ्या शालेय इतिहासात आफ्रिकेचा माणूस पहिल्यांदा भेटला तो जहाजाच्या तळाशी, साखळदंडात. त्याआधी त्याचं घर होतं, गाव होतं, राजा होता, सोनार होता, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून हा धागा. ज्यांना जे ठाऊक असेल ते लिहा.

---

शब्दवेडी:

फार सुंदर लिहिलंय. मी एका शब्दाबद्दल लिहिते. हबशी.

आपण हा शब्द काय अर्थाने वापरत आलो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत वर्गातल्या सावळ्या मुलाला चिडवायचा शब्द. मीही तो ऐकून घेतलाय. मूळ मात्र हबश, म्हणजे आजचा इथियोपिया आणि इरिट्रियाचा मुलूख. चौथ्या शतकात तिथल्या अक्सूम राज्याचा राजा ईझाना याने शिलालेख कोरवले, त्यातल्या त्याच्या बिरुदांत 'हबशत' हे नाव येतं. म्हणजे ज्या शब्दाने आपण चिडवलं तो एका राजाने अभिमानाने दगडावर कोरलेला शब्द आहे.

आणि राज्य तरी केवढं! तिसऱ्या शतकातल्या मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या शिकवणीच्या ग्रंथात जगातल्या चार थोर राज्यांत रोम आणि इराणच्या पंक्तीला अक्सूम बसवलंय. स्वतःची सोन्याची नाणी पाडणारी राज्यं तेव्हा जगात मोजकी होती, त्यात हे एक. ईझानाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर नाण्यावर क्रूस आला. त्यांचे दगडी स्तंभ एकाच शिळेचे, त्यांवर मजल्यामजल्यांच्या घराची खोटी दारंखिडक्या कोरलेल्या. आज आडवा पडलेला सर्वांत मोठा स्तंभ ३३ मीटरचा आहे. २४ मीटरचा दुसरा मुसोलिनीने १९३७ मध्ये रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

अवांतर: माझी मावशी इथियोपियात शिक्षिका होती. त्या काळी भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले. ती सांगायची, त्यांची लिपी शिकायला तिला अजिबात जड गेलं नाही, कारण तिथेही बाराखडीच. एकेका व्यंजनाची सात रूपं, त्याच अक्षराला कुठे शेपूट, कुठे कडी, कुठे पाय जोडून केलेली. ल घेतला तर लु, लि, ला, ले, लो अशी रांग. तिच्या वहीत एका पानावर डावीकडे देवनागरी आणि उजवीकडे ती लिपी असे तक्ते होते. वही अजून माझ्याकडे आहे. ही लिपी सोळाशे वर्षांहून जास्त काळ वापरात आहे.

---

दर्यावर्दी:

शब्दवेडी, अक्सूमचा आणि आपला संबंध थेट आहे. त्यांचं बंदर अदुलिस. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. पेरिप्लस म्हणतात ते पुस्तक. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. आणि अदुलिसला काय येतं याच्या यादीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून येणारं लोखंड, पोलाद, सुती कापड आणि लाख! तिथल्या राजाचं वर्णनही आहे: पैशाला चिकट, पण बाकी सज्जन आणि ग्रीक जाणणारा. इथियोपियातल्या देब्रे दामोच्या मठाजवळ कुशाण राजांची शंभराहून अधिक सोन्याची नाणी सापडली. ती कुठल्या गलबतातून गेली असतील कोण जाणे.

पुढे दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला, आणि त्याच सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालाही. त्याने लिहिलंय की तिथलं हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थान आणि चीनला जातं, आणि हिंदुस्थानात त्याच्या खंजिरांच्या, तलवारींच्या मुठी आणि बुद्धिबळाची प्यादी होतात. बाराव्या शतकात अल-इद्रिसी सांगतो की सोफालाचं लोखंड हिंदुस्थानात जातं. पहिल्या शतकात आपलं लोखंड तिकडे, बाराव्यात तिकडचं आपल्याकडे! हा व्यापार बरोबरीच्या माणसांमधला होता.

किल्व्याचं नाव वर आलंय म्हणून: मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये तिथे गेला आणि हे अत्यंत सुंदर आणि उत्तम बांधलेलं शहर आहे असं लिहून गेला. प्रवाळाच्या दगडातली घुमटांची मशीद अजून उभी आहे.

---

रानभूल:

वाचतोय. इथियोपियातल्या लालिबेलाच्या कोरीव चर्चांबद्दल कुणी लिहिणार का? वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला ते लगेच भिडेल.

---

गडग्यापल्याड:

रानभूल, मी लालिबेलाला गेलेलो नाही, पण थोडं वाचलंय. अकरा चर्च, बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासची, झाग्वे घराण्यातला राजा लालिबेला याच्या नावाशी जोडलेली. ज्वालामुखीच्या खडकात वरून खाली कोरत नेलेली. आधी चारी बाजूंनी चर मारून मधे ठोकळा सुटा करायचा, मग तो आतून बाहेरून कोरायचा. कैलासाची रीत हीच. बेते गियोर्गिस हे चर्च वरून पाहिलं तर समभुज क्रूस दिसतो, साधारण बारा मीटर खोल खड्ड्यात उभा. पावसाचं पाणी जायला चर काढलेत. तिथे आजही पूजा होते, ७ जानेवारीला त्यांचा नाताळ असतो तेव्हा पांढऱ्या कपड्यांतले हजारो यात्रेकरू त्या कड्यांवर बसलेले असतात.

कैलास आठव्या शतकातलं, म्हणजे आधीचं. पण म्हणून 'त्यांनी आपल्याकडून घेतलं' असं कुणी इथे लिहू नये ही विनंती. तसा काही पुरावा नाही, आणि माउखनेही नेमकी हीच चूक केली होती. सारख्या खडकासमोर उभ्या राहिलेल्या दोन पाथरवटांना सारखी युक्ती सुचू शकते.

---

ओतारी:

मी पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या घरातला. इफेबद्दल लिहितो, कारण त्यातलं कौशल्य मला हाताने कळतं.

इफे म्हणजे नैर्ऋत्य नायजेरियातलं योरुबा लोकांचं पवित्र शहर. १९३८ मध्ये तिथे घर बांधताना जमिनीत धातूची माणसांची मस्तकं सापडली, जवळजवळ खऱ्या डोक्याएवढी. काळ साधारण बारावं ते पंधरावं शतक. चेहरे असे की आत्ता बोलतील. काहींच्या चेहऱ्यावर वरून खाली बारीक उभ्या रेघा आहेत. केसांच्या कडेला आणि ओठांभोवती बारीक भोकं आहेत.

पद्धत मेणाची. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा थर देऊन चेहरा घडवायचा, त्यावर परत मातीचा लेप. भट्टीत तापवलं की मेण वाहून जातं, आणि मेण होतं तिथे धातू ओतायचा. सांगायला दोन ओळी लागतात. करताना हवा कोंडली तर नाकाचा शेंडा येत नाही, लेप ओला राहिला तर साचा फुटतो, गाभा हलला तर एक गाल जाड आणि एक पातळ. इफेच्या मस्तकांची जाडी बघा, किती सारखी आणि किती कमी! काही कामं तर जवळजवळ शुद्ध तांब्यातली आहेत. शुद्ध तांबं नीट वाहत नाही, लवकर थिजतं, वायू धरतं. जस्त किंवा कथील घातलं की काम सोपं होतं. माझे वडील शुद्ध तांब्याला हात लावायला तयार नसत. इफेच्या ओताऱ्यांनी त्यात पूर्ण मुखवटा काढलाय.

आपल्याकडे हीच मेणाची रीत बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने मानसोल्लासात लिहून ठेवली आहे. (त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असाही उल्लेख आहे.) म्हणजे साधारण एकाच काळात इकडे आणि तिकडे मेण वितळत होतं.

१९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस हा जर्मन इफेला गेला, ही कला पाहिली आणि म्हणाला हे बुडालेल्या अटलांटिसमधल्या ग्रीकांचं काम असणार. ज्यांच्या अंगणातून ते निघालं त्यांचं नाही! कारागिराला याहून मोठा अपमान नाही. हे लिहिताना हात थरथरतोय.

---

प्रश्नचिन्ह:

लेख आणि प्रतिसाद चांगले आहेत, पण एक बाजू सुटतेय. गुलामगिरी युरोपियनांनी आफ्रिकेत आणली असं नाही. आफ्रिकी राजे आधीपासून माणसं पकडत आणि विकत होते. मग 'आधीचा सुवर्णकाळ' असं चित्र रंगवणंही खोटंच नाही का?

---

गडग्यापल्याड:

प्रश्नचिन्ह, मुद्दा खरा आहे. टाळणार नाही. इब्न बतूता १३५३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यातून परतताना ज्या तांड्याबरोबर वाळवंट ओलांडत होता त्यात सहाशे गुलाम बायका होत्या, हे त्यानेच लिहिलंय. त्याच माणसाने मालीतला न्याय आणि रस्त्यावरची निर्धास्ती यांची मनापासून स्तुती केली आहे. दोन्ही एकाच प्रवासवर्णनात आहे. भिंती बांधणाऱ्यांत सगळे राजीखुशीने दगड वाहत होते असंही मी म्हणणार नाही.

मी सुवर्णकाळ म्हटलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की तिथे राज्यं होती, आणि राज्यात असतं ते सगळं होतं: बाजार, कर, अन्याय, कारागिरी, विद्या, लढाया. आपण यादवांचा, बहमनींचा इतिहास असाच चांगल्यावाइटासकट वाचतो. त्यांच्या वाट्याला मात्र कोरं पान येतं, आणि माणसाचा इतिहास कोरा आहे असं एकदा ठरलं की त्याला विकणं सोपं जातं. हॉलने उपसलेली माती मला याच कारणाने विसरता येत नाही.

आणि मलिक अंबर आपल्या इतका जवळचा. हबशातला मुलगा, विकला गेला, बगदादहून दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीतला चंगीजखानही हबशीच. पुढे अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याने तिथे नहरीने पाणी आणलं, मोगलांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं. आपण त्याची गोष्ट बाजारापासून सुरू करतो. तो ज्या मुलखातून आला तिथे हजार वर्षांहून जुनी राज्यपरंपरा होती, हे गोष्टीच्या पहिल्या ओळीत यायला हवं.

---

सांजवेळ:

मालीचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला गेला आणि कैरोत इतकं सोनं वाटलं की बारा वर्षांनीही तिथे सोन्याचा भाव उतरलेलाच होता, असं अल-उमरी हा अरब लेखक लिहितो. ही गोष्ट सगळीकडे फिरते. मला त्याच भागातल्या टिंबक्टू शहराची पुस्तकं जास्त मोलाची वाटतात. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने तो प्रदेश जिंकला आणि पुढे तिथला विद्वान अहमद बाबा याला पकडून मोरोक्कोतल्या माराकेशला नेलं. त्याची तक्रार अशी: माझी सोळाशे पुस्तकं लुटली, आणि माझा संग्रह तर माझ्या नातलगांत सर्वांत लहान होता! सोळाव्या शतकात पुण्याच्या आसपास एका घरात सोळाशे पोथ्या असतील का, याचा विचार करत बसले होते.

दुसरं, सुदानमधलं कुश. इजिप्तच्या दक्षिणेचं हे राज्य इतकं बळकट झालं की इसवी सनापूर्वी आठव्या शतकात त्यांच्या पिये राजाने इजिप्त जिंकलं. त्याच्या घराण्यातला तहारका तिथे फारो म्हणून गाजला. नंतरची राजधानी मेरोए. तिथे आणि आसपास दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत. १८३४ मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियनाने सोन्यासाठी कित्येकांचे माथे उडवले. सोनं मिळालं तेव्हा आफ्रिकेत अशी कलाकुसर होते यावर विकत घेणाऱ्यांचा विश्वास बसेना.

आणि कुशची अमानिरेनास राणी. रोमनांनी इजिप्त घेतल्यावर इसवी सनापूर्वी २५ च्या सुमारास कुशी फौजेने सरहद्दीवरची ठाणी लुटली, ऑगस्टसचे पुतळे पाडले. रोमनांनी उलट चढाई करून कुशचं नपाता शहर उद्ध्वस्त केलं. पण शेवटी तह झाला तो कुशचा कर माफ करून. १९१० मध्ये मेरोएच्या एका देवळाच्या पायरीखाली ऑगस्टसचं कांस्याचं शिर पुरलेलं सापडलं. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याच्या डोक्यावर पाय देऊन आत जाईल अशा बेताने पुरलेलं. डोळे काचेचे आणि दगडाचे बसवलेले, अजून टक्क उघडे. जमिनीत राहिल्यामुळेच ते इतकं शाबूत राहिलं. आता ते लंडनला आहे.

---

प्रश्नचिन्ह:

उत्तराबद्दल आभार. गोष्ट बाजारापासून सुरू करतो, हे पटलं. खुलताबादला अंबरची कबर दोनदा पाहिली आहे, तो कुठून आला हे दोन्ही वेळा डोक्यातही आलं नव्हतं.

---

रानभूल:

धागाकर्ते, एक शंका. कोरड्या भिंतीत कोपरा सगळ्यात आधी सुटतो. आमच्याकडे गडग्याच्या कोपऱ्याला मोठे दगड शोधून लावतात. तिथे काय केलंय?

---

गडग्यापल्याड:

कोपरेच नाहीत! सगळी भिंत वळत जाते, दाराच्या कडासुद्धा गोलाईने आत घेतलेल्या. शिवाय एक गंमत अभ्यासकांनी नोंदवली आहे. बाहेरच्या भिंतीची सुरुवात वायव्येला झाली, तिथे दगड ओबडधोबड, रांगा वरखाली. जसजसं पुढे जावं तसतसे दगड एकसारखे होत जातात आणि ईशान्येच्या बाजूला तर रांग दोरी लावल्यासारखी. म्हणजे बांधता बांधता शिकत गेले. शेबाच्या राणीने परदेशी मिस्त्री आणले असते तर ते पहिल्या दगडापासून तयार असते.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा गडगा घालणाऱ्या त्या माणसाला फोनवर फोटो दाखवले. आता सत्तरीच्या पुढे आहेत, डोळ्याला कमी दिसतं. हा देश कुठला, कोणी बांधलं, यातलं काही मी आधी सांगितलं नव्हतं. भिंतीचे फोटो ओळीने सरकवत गेलो. ते बराच वेळ गप्प होते. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या बघ. हय हात बसलो."